चार हजारांचा फरक

पत्र :

"मी ३४ वर्षांची आहे, ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मिस्टर ३७ वर्षांचे, विक्रोळीला नोकरी. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १२ हजार हातात येतात. मुलगी पहिलीत, मुलुंड पूर्वेला मराठी शाळेत. शाळा साडेबाराला सुटते. माझी आई भांडुपहून येऊन तिला घेते आणि आम्ही येईपर्यंत सांभाळते. लग्नाला आठ वर्षं झाली, हे आमचं चौथं भाड्याचं घर. वन बीएचके, ३१ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट. अकरा महिने संपत आले की मालकाचा फोन ठरलेला. या वेळी ३४ म्हणतोय, नाहीतर महिनाअखेर खाली करा. करार दर वेळी नोटरीवर. भिंतीला खिळा मारायचा नाही ही त्याची अट. लग्नात मामानं पितळेची नावाची पाटी दिली होती, ती आठ वर्षं कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून पडली आहे.

गेल्या रविवारी कल्याण-शीळ रस्त्यावर एक प्रोजेक्ट बघायला गेलो. टू बीएचके, ६२ लाख, ताबा तीन वर्षांनी. तिथल्या मुलानं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं : भाडं ३४ हजार, हप्ता ३८ हजार, फक्त चार हजारांचा फरक, आणि घर तुमचं! मिस्टरांनी तिथल्या तिथे ५१ हजार टोकन यूपीआय केलं. त्यांचं म्हणणं, आठ वर्षांत २४ लाख भाड्यात गेले, पाण्यात. आमच्याकडे १३ लाख आहेत, ९ एफडीत, ४ पीएफमध्ये. बाकीच्यासाठी कोरेगाव तालुक्यातली सासऱ्यांची एकरभर जमीन विकायची, नाहीतर पर्सनल लोन काढायचं असं चाललंय. मला धडधडतंय. पण मी नाही म्हटलं तर 'हिनंच घर होऊ दिलं नाही' असं आयुष्यभर ऐकावं लागेल. काय करू?"

उत्तर :

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी एक काम करा. त्या बिल्डरच्या ऑफिसला आजच मेल पाठवा : टोकनची रक्कम, तारीख, यूपीआयचा नंबर आणि 'बुकिंग रद्द करत आहोत, रक्कम परत करावी' एवढं एक वाक्य. फोनवर बोलू नका. फोन उचलणारा मुलगा फार गोड बोलतो, तेच त्याचं काम आहे. अलॉटमेंट लेटर हातात पडलं असेल, तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, नमुन्याप्रमाणे पत्र दिल्याच्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास काही कापता येत नाही. त्यानंतर मात्र दिवसांप्रमाणे घराच्या किमतीच्या टक्क्यात पैसे कापले जातात. टोकनच्या नाही, घराच्या किमतीच्या. म्हणून आज. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर मागूच शकत नाही, हेही लक्षात असू द्या. पुढचा फोन 'मॅडम, ऑफर रविवारपर्यंतच आहे, थोडे तरी भरा' असा येणार आहे.

आता त्या चार हजारांकडे वळू.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २६ वर्षं काढली. माझ्या टेबलासमोर बसलेली जोडपी बहुतेक वेळा हाच आकडा घेऊन यायची, कधी चार हजार, कधी सहा. तो आकडा कसा काढतात ते सांगते. ६२ लाखांचं ८० टक्के म्हणजे ४९ लाख ६० हजार कर्ज. साडेआठ टक्के दरानं, तीस वर्षांसाठी. हप्ता येतो ३८ हजार. हिशोबात चूक नाही. पण तुमचे मिस्टर ३७ वर्षांचे आहेत. तीस वर्षं म्हणजे ते ६७ वर्षांचे होईपर्यंत. खाजगी नोकरीतला माणूस त्या वयात पगारावर असेल, असं शहाणी बँक सहसा धरत नाही. वीस-बावीस वर्षं देतील. वीस वर्षांसाठी तोच हप्ता ४३ हजार होतो. चाराचे नऊ झाले.

आणि हे ताबा मिळाल्यानंतरचं. ताब्यापर्यंतचं त्या कॅल्क्युलेटरवर नव्हतंच.

बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज बँक एकदम देत नाही. स्लॅब पडत जाईल तसे पैसे बिल्डरला जातात, आणि जेवढे गेले तेवढ्याचं व्याज तुमच्या खात्यातून वळतं होतं. याला प्री-ईएमआय म्हणतात. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. निम्मं कर्ज सुटलं की व्याज साडेसतरा हजार. शेवटाकडे, जवळपास सगळं सुटलं की ३३ ते ३५ हजार. आणि या काळात तुम्ही राहणार कुठे? मुलुंडलाच, भाड्यानं. म्हणजे भाडं 'की' हप्ता हा प्रश्नच खोटा आहे. तीन वर्षं भाडं 'आणि' हप्ता आहे. तीन वर्षं हे बिल्डरनं सांगितलेलं.

बँक देत नाही तो भाग बघा. घर ६२ लाख. किंमत ४५ लाखांच्या वर आहे म्हणून जीएसटी १ टक्का नाही, ५ टक्के : ३ लाख १० हजार. स्टँप ड्यूटी ७ टक्के : ४ लाख ३४ हजार. नोंदणी ३० हजार. दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, लीगल चार्जेस, क्लब हाऊस असलं सगळं मिळून दीड लाख धरू. बेरीज ७१ लाख २४ हजार. त्यातून बँकेचे ४९ लाख ६० हजार वजा केले की तुमच्या खिशातून २१ लाख ६४ हजार. तुमच्याकडे पीएफ मोडूनसुद्धा १३. खड्डा साडेआठ लाखांच्या वर, आणि अजून घरात एक पंखा लागलेला नाही. (तुम्ही पाठवलेल्या कॉस्टिंग शीटमध्ये 'ओपन पार्किंग अडीच लाख' अशी एक ओळ आहे, ती मी धरलीच नाही. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून टाकलं आहे. तरीही शीटवर ती ओळ असते, कारण विचारणारे थोडे.)

तो खड्डा पर्सनल लोननं भरायचा म्हटलं तर ९ लाख, पाच वर्षं, १२ टक्के : महिना २० हजार. आता तुमच्याच आकड्यांवरून मांडते. सध्या ३१ हजार भाडं देऊन महिन्याला बावीस हजार शिल्लक राहतात, असं तुम्ही सोबतच्या कागदावर लिहिलंय. म्हणजे घरखर्च, शाळा, गावाकडे पाठवता ते, सगळं मिळून ५९ हजार. कर्ज निम्मं सुटलेलं असताना भाडं ३४, व्याज साडेसतरा, पर्सनल लोन २० : ७१ हजार ५००. हातात उरले ४० हजार ५००. ५९ चा संसार ४० मध्ये बसवा. शेवटच्या वर्षी भाडं साडेसदतीसच्या घरात आणि व्याज ३३ होईल, तेव्हा उरतील २१ हजार. पगारवाढ मी धरलेली नाही, पण इतका खड्डा भरून काढणारी पगारवाढ तीन वर्षांत खाजगी कंपनीत मिळते का, ते तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, तुम्हालाच जास्त ठाऊक.

तुमची धडधड वेडी नाही. तुमचं डोकं हाच हिशोब आत कुठेतरी करत होतं.

जमिनीबद्दल थोडक्यात. सासऱ्यांची म्हणता, पण सातबारा काढून बघितलात का? वडिलोपार्जित असेल तर दिरांचा हिस्सा आहे, नणंदांचाही आहे. नणंदांच्या सह्या 'घेऊन टाकू' म्हणणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली, आणि पुढची दहा वर्षं रक्षाबंधनाला न येणाऱ्या नणंदाही. समजा सगळे राजी झाले, जमीन विकली, पर्सनल लोन टळलं. तरी शेवटच्या वर्षात भाडं आणि व्याज मिळून सत्तर हजार जातात. उरतात ४१. जमीन गेली आणि गाडी रुळावर आलीच नाही. सासरे स्वतः कसत असतील, तर तो विषय त्यांच्यासमोर काढूही नका.

आता मिस्टरांच्या बाजूनं बोलते, कारण ते पूर्ण चुकलेले नाहीत.

'भाडं म्हणजे पाण्यात पैसे' हे मला पटत नाही. तुमच्या इमारतीत असाच फ्लॅट सव्वा कोटीला गेला म्हणता. ३४ हजारांनी वर्षाचं भाडं होतं ४ लाख ८ हजार. म्हणजे मालकाला त्याच्या सव्वा कोटीवर वर्षाला सव्वातीन टक्के मिळतात. बँकेतल्या एफडीपेक्षा कमी. तुम्ही तेवढेच पैसे बँकेकडून घेतले असते तर साडेआठ टक्के पडले असते. मुंबईत घरांच्या किमती आकाशाला भिडल्यात आणि भाडी त्या मानानं खाली आहेत, त्यामुळे भाडेकरू इथे जेवढा पिचलेला वाटतो तेवढा प्रत्यक्षात नसतो. त्या २४ लाखांत तुम्ही आठ वर्षं मुलुंडमध्ये राहिलात, नोकरी सांभाळलीत, मूल वाढवलंत, आणि १३ लाख बाजूला टाकलेत. पाण्यात कुठे गेले?

पण भाडं थांबत नाही, हे त्यांचं खरं आहे. दरवर्षी पाच टक्के धरले, तर आजचे ३४ हजार दहा वर्षांनी ५५ होतात. ४३ चा हप्ता तेव्हाही साधारण ४३ च असतो, दर थोडा वरखाली झाला तरी. साठीनंतर, पगार बंद झाल्यावर, भाडं देत राहणं ही सोपी गोष्ट नाही. तेव्हा घर घ्यायचंच. कुठलं, कधी आणि कशाच्या जिवावर, एवढाच वाद आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगा. 'नको' म्हणू नका, 'हे नको' म्हणा.

हे का नको, त्याची पैशाबाहेरची कारणंही आहेत.

माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो आमच्या घरात कधी संपलाच नाही. दोन वर्षांनी लालबागची दहा बाय बाराची खोली पागडीवर देऊन आम्ही डोंबिवली पश्चिमेला आलो. ३८० फूट, स्वतःचं. आई दाराला हात लावून रडली होती. 'ओसी पुढच्या महिन्यात येतेय' असं बिल्डरनं सांगितलं. ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला. तो पुढचा महिना अजून आलेला नाही. नळाला पाणी नाही, रात्री दोनला टँकर यायचा, मी आणि भाऊ कळशा घेऊन रांगेत. इमारत आज पडायला आली आहे आणि कागद धड नाहीत म्हणून पुनर्विकास अडकलाय. त्या भागात अशा इमारती शोधाव्या लागत नाहीत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. पालिकेच्या परवानग्या बनावट होत्या, आणि त्याच बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवलेली होती. आत राहणाऱ्यांनी पैसे मोजून, कर्ज काढून घरं घेतली होती. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती खरोखरच पाडल्या. तेव्हा जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, रेराचा नंबर निघाला, म्हणजे झालं, असं नाही. तो नंबर घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि या सर्व्हे नंबरला ही परवानगी दिली आहे का, एवढं विचारायचं. एक दिवसाची रजा जाते. जाऊ दे.

तुम्ही गेलात तो प्रोजेक्ट वाईट आहे, असं मी म्हणत नाही, मला तो माहीतही नाही. पण सँपल फ्लॅटमध्ये तुम्हाला 'खूप मोठं वाटलं' असं लिहिलंय, म्हणून सांगते. पुन्हा कधी कुठल्या सँपल फ्लॅटमध्ये गेलात, तर दारं मोजा. बहुतेक वेळा आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नसतात, कारण दार उघडायला लागणारी जागा दिसली तर खोली लहान दिसते. पलंग बघा, कडेनं वीतभर आखूड असतो. कपाटाची खोली बघा, हँगर आडवा राहत नाही. एका भिंतीला आरसा असतोच. पर्समध्ये मेजर टेप ठेवा आणि सगळ्यांसमोर काढा. ती टेप बाहेर आली की बोलणाऱ्याचा सूर बदलतो. हे मी स्वतः करून पाहिलंय, मजा येते.

मग प्रवास. तिथून स्टेशनला शेअर रिक्षा, मग डोंबिवलीहून सकाळची लोकल. 'मेट्रो आली की सगळं बदलेल' असं तुम्हाला सांगितलं असणार. मेट्रो १२ चं काम चालू आहे हे खरं, आणि ती कधीतरी येईलही. पण तुम्हाला ठाणं गाठायचंय आणि मिस्टरांना विक्रोळी, आणि मेट्रोचा हा कल्याण-तळोजा मार्ग यातल्या कुठेच जात नाही. तुमची वाट लोकलचीच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती याच वाटेवरची. मी डोंबिवलीतच वाढले, त्या गावाबद्दल मला कोणी वाईट बोललेलं खपत नाही. चार पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाला त्यानं डोक्यावर छप्पर दिलंय. पण पावणेआठच्या गाडीत शिरायची सवय असणं वेगळं, आणि ३४ व्या वर्षी ती लावून घेणं वेगळं.

आणि साडेबारा वाजता मुलीला कोण घेणार? भांडुपहून तुमची आई मुलुंडला येते, तिथे येईल का रोज? कॉस्टिंग शीटमध्ये तुमच्या आईची ओळ कुठेच नाही. पाळणाघराचे पैसे धरा, आणि पैशात धरता येत नाही तेही थोडं धरा.

आता काय करायचं ते.

मालकाशी बोला, पण भाड्यावर आधी बोलू नका, मुदतीवर बोला. हे अकरा महिन्यांचं प्रकरण आपल्याकडे देवाच्या अकरा प्रदक्षिणांसारखं झालंय, का घालतो कोणाला ठाऊक नाही. त्याच्या मुळाशी जुनी भीती आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, भाडेकरू काढता येईना, लालबाग-गिरगावात आजही काहीशे रुपयांत खोल्या चालू आहेत. त्यामुळे मालकांनी घर भाड्यानं द्यायचंच सोडलं, दिलं तर पागडी घेऊन किंवा अकरा महिन्यांपुरतं. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात 'लीव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या कराराची, मुदत संपली की मालकाला घर परत मिळण्याची सोय आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणजे मालकाला भ्यायचं कारण केव्हाच गेलं. हा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो.

तुम्ही ३६ महिन्यांचा मागा. पहिल्या वर्षी ३३, मग दरवर्षी पाच टक्के वाढ, कागदावर लिहून. त्याला ३४ हवेत, तुम्हाला शांतता हवी आहे, मध्ये ३३ वर जमायला हरकत नाही. त्याचाही फायदा त्याला मोजून दाखवा : तीन वर्षं घर एक दिवस रिकामं नाही, दलाली नाही, नव्या भाडेकरूसाठी रंग नाही. दोघांनाही बंधनकारक असा लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा, ते करारात स्पष्ट लिहा, म्हणजे मध्येच 'मुलाचं लग्न ठरलंय, खाली करा' असं म्हणता येणार नाही.

आणि नोटरी बंद. नोटरीचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात भाड्याचा करार, अगदी अकरा महिन्यांचासुद्धा, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे त्याला धमकी म्हणून सांगू नका. चहा घेताना सांगा. खर्चही फार नाही. तीन वर्षांचं सगळं भाडं आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी मोजलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्यूटी. तुमच्या बाबतीत ३,२०० च्या आसपास, आणि नोंदणीचे हजार. ऑनलाइन होतो, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. अर्धा-अर्धा खर्च करा. तीन वर्षं घर बदललं नाही म्हणून वाचलेली एका महिन्याच्या भाड्याची दलाली यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

मिस्टरांना हप्ता भरायची हौस आहे ना? भरू दे. पुढच्या महिन्यापासून २० हजारांचं रिकरिंग डिपॉझिट लावा, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापलं जाईल असं. पगार वाढेल तसं त्यात घाला. सहा महिने हे जमलं नाही, ओढाताण झाली, तर ४३ चा हप्ता तुम्हाला झेपला नसता हे कोणी न भांडता सिद्ध होईल. जमलं, तर तीन वर्षांनी व्याजासकट आठ लाखांच्या जवळ जाल. ९ लाखांची एफडी तोवर साडेदहाच्या पुढे. मिळून साधारण १९ लाख, आणि पीएफला हात नाही.

तेव्हा काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर तयार घर, रीसेल, स्टेशनला चालत जाता येईल असं, आणि टू बीएचकेचा हट्ट सोडून. ओसी असलेल्या इमारतीतल्या तयार घराला जीएसटी नाही. पैसे दिले त्या महिन्यात राहायला जाता, म्हणजे भाडं आणि हप्ता एकत्र चालत नाहीत. शेजारी कोण आहे, पाणी किती वाजता येतं, गच्ची गळते का, सगळं डोळ्यांनी दिसतं. डोंबिवली किंवा ठाकुर्लीला स्टेशनजवळचा वन बीएचके आज पन्नासच्या आसपास मागतात. तीन वर्षांनी ५८ मागतील असं धरते. स्वतःचे २० टक्के, स्टँप ड्यूटी, नोंदणी, दलाली मिळून साडेसोळा-सतरा लाख. १९ मध्ये बसतं. हप्ता ४० हजार, आणि भाडं शून्य. मुलगी तोवर चौथीत असेल, पाचवीला तसंही पुष्कळ मुलं शाळा बदलतात. बघायला जाल तेव्हा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का हे तीन प्रश्न आधी, मग टाइल्स. इमारत फार जुनी असेल तर बँकेला आधीच विचारा, काही बँका कर्ज देत नाहीत.

'तोवर किमती कुठच्या कुठे जातील' असं म्हणतील. जातीलही. २०१४ ते २०२० मध्ये मुंबईच्या आजूबाजूला पुष्कळ ठिकाणी त्या जागच्या हलल्या नव्हत्या, नंतर भराभर वाढल्या. पुढचं मला सांगता येत नाही, त्या कॅल्क्युलेटरवाल्या मुलालाही नाही. माझ्या हिशोबात निदान वाढ धरलेली आहे.

मधल्या काळात म्हाडाची सोडत भरत राहा. कोकण मंडळाची घरं विरार-बोळींजला, कल्याणजवळ शिरढोण, खोणीला निघतात. तुमच्या नावानं कोणी चिठ्ठी काढेल या भरवशावर बसू नका, पण अर्ज भरायला अर्धा तास लागतो.

आणखी एक, जरा आगाऊपणानं. घर घ्याल तेव्हा करारावर नाव कोणाचं, हे आत्ताच बोलून ठेवा. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत आहे. ५८ लाखांवर ५८ हजार होतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. कर्जात मिस्टर सहअर्जदार राहू शकतात, त्यासाठी मालकीत नाव लागत नाही. ते याला तयार झाले तर उत्तम. नाही झाले तर दोघांचं नाव. पण फक्त त्यांचं, असं नको. तुमचेही पगाराचे पैसे त्यात जाणार आहेत, आणि 'हिनंच घर होऊ दिलं नाही' या वाक्याची तुम्हाला जी भीती वाटते, ती मला त्या ४३ हजारांपेक्षा जास्त काळजीची वाटली.

आज रात्री हा कागद त्यांच्यासमोर ठेवा, टीव्ही बंद करून. माझं नाव घ्या, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. मला सवय आहे.

आणि नव्या कराराच्या मसुद्यात एक ओळ घालून घ्या : 'दारावर नावाची पाटी आणि दर्शनी खोलीत दोन खिळे लावण्यास मालकाची हरकत नाही.' तीन वर्षं राहणाऱ्याला एवढं देतात लोक. खिळ्याला अगदीच नाही म्हणाला, तर हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी मिळते. पितळेची पाटी धरते ती. लावायच्या आधी दार ओल्या फडक्यानं पुसा आणि नीट वाळू द्या, नाहीतर पावसाळ्यात सुटते.